जुना पतंग बदलताना...

काईटबोर्डिंगमध्ये प्रगती करणाऱ्यांनी दुसरा पतंग कसा निवडावा?

कशेडी : मुंबईहून निघालेला महामार्ग महाड आणि पोलादपूर मागे टाकून कशेडी घाट ओलांडतो आणि रायगडची हद्द संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातील मोरजी, अश्वे आणि हरमल या किनाऱ्यांवर काईटबोर्डिंगसाठी जाणाऱ्या मुंबईकरांचाही हाच रस्ता. पायाखाली फळी, कमरेला हार्नेस आणि डोक्यावर वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्यांना बांधलेला मोठा पतंग, असा हा खेळ. पतंगाच्या ओढीवर स्वार होऊन पाण्यावरून घसरत जायचे, एवढेच त्याचे सूत्र असले तरी ही ओढ योग्य तेवढी मिळणे बहुतांशी पतंगाच्या निवडीवर अवलंबून असते.

पहिला पतंग बहुधा प्रशिक्षकाच्या सल्ल्याने किंवा मिळेल त्या किमतीत घेतला जातो. दोन-तीन हंगामांनंतर त्याचे कापड थकते, हवा टिकेनाशी होते आणि तोवर स्वारही बराच शिकलेला असतो. मग प्रश्न येतो, आता कोणता घ्यावा? नव्या पतंगाची किंमत साधारणपणे हजार ते दोन हजार युरोच्या घरात जाते आणि आयात केल्यास सीमाशुल्क व कर वेगळे. हा खर्च करून घेतलेला पतंग आपल्या वाऱ्याला न शोभणारा निघाला, तर तो एकतर बॅगेत पडून राहतो किंवा एखाद्या दिवशी मालकालाच फरफटत नेतो. म्हणूनच ही खरेदी हौसेची असली तरी हिशेबाने करावी.

बदलायचा की दुरुस्त करायचा?

आजच्या बहुतेक पतंगांची पुढची कड हवा भरून फुगवलेली असते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये या रचनेचे पेटंट नोंदवले. पाण्यात पडला तरी तरंगणारा आणि पुन्हा उडवता येणारा पतंग त्यातून मिळाला. १९९७ मध्ये 'विपिका' या नावाने तो बाजारात आल्यानंतर हा खेळ जगभर पसरला.

या रचनेचे तीन मुख्य भाग आहेत. पुढच्या कडेतील व आडव्या नळ्यांतील हवेची पिशवी, म्हणजे ब्लॅडर. त्याला झाकणारे जाड डेक्रॉनचे आवरण. आणि प्रत्यक्ष वारा पेलणारे पातळ पॉलिएस्टरचे रिपस्टॉप कापड. यांपैकी ब्लॅडर बदलता येतो, व्हॉल्व्ह पुन्हा चिकटवता येतो, दोऱ्या नव्या लावता येतात, लहानशी फाटही शिवून घेता येते. कापडाचे वय मात्र मागे नेता येत नाही. ऊन, मीठ आणि वाळू यांनी ते हळूहळू ढिले व हवा झिरपू देणारे होते. असा पतंग वळायला मंद होतो, कमी वाऱ्यात मागे झुकून खाली येऊ लागतो आणि जोराच्या झुळकीत नको तेवढा खेचतो.

तेव्हा निर्णयाची कसोटी सोपी आहे. कापड कडक, गुळगुळीत आणि चोळल्यावर कागदासारखे करकरणारे असेल, तर हवा गळते म्हणून पतंग टाकून देऊ नये, दुरुस्ती करावी. कापड मऊ पडले असेल, उन्हासमोर धरल्यावर बारीक छिद्रे दिसत असतील किंवा मागच्या कडेची शिवण जागोजागी उसवत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालणे व्यर्थ होय.

आधी वारा, मग वजन

पतंग बदलायचे ठरल्यावर अनेकांचे लक्ष प्रथम उंच उड्यांच्या चित्रफितींकडे आणि त्यांतील मॉडेलकडे जाते. खरे तर पहिला प्रश्न असा हवा : वर्षातले माझे बहुतेक दिवस कोणत्या किनाऱ्यावर, किती वाऱ्यात जाणार आहेत?

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याचे वारे शाळेच्या भूगोलात शिकलेल्या नियमाने चालतात. दुपारी जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात; रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. उन्हाळ्याच्या दिवसांत खारा वारा दुपारनंतर जोर धरतो, साधारणपणे पश्चिम-वायव्येकडून येतो आणि सूर्यास्ताबरोबर ओसरतो. त्याचा वेग बहुतेक दिवशी १० ते १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १९ ते २८ किलोमीटर एवढाच असतो. काईटबोर्डिंगच्या मापाने हा हलका ते मध्यम वारा झाला.

तमिळनाडूतील रामेश्वरम आणि थुथुकुडी येथील चित्र निराळे आहे. तेथे नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे कोकणचा समुद्र खवळलेला असताना, अधिक जोराचा आणि सलग वारा मिळतो. त्यामुळे पावसाळ्यात दक्षिणेकडे जाणारा आणि उन्हाळ्यात गोव्यात राहणारा, या दोघांना एकच पतंग पुरणार नाही.

मतलई वाऱ्याबद्दल एक इशारा येथेच द्यायला हवा. सकाळी किनाऱ्यावर सुखद वाटणारा हा वारा स्वाराला थेट खोल समुद्राकडे नेतो. तो कितीही स्थिर वाटला, तरी सोबत बचाव नौका नसताना त्या वेळी पाण्यात उतरू नये. कोणताही पतंग या चुकीची भरपाई करू शकत नाही.

आकाराचे गणित

पतंगाचा आकार चौरस मीटरमध्ये सांगतात. ढोबळ अंदाजासाठी एक सूत्र सर्वत्र वापरले जाते : स्वाराच्या वजनाला, किलोमध्ये, वाऱ्याच्या वेगाने, नॉटमध्ये, भागावे आणि २.२ ने गुणावे. ७५ किलो वजनाच्या स्वाराला १५ नॉट वाऱ्यात ११ चौरस मीटरचा पतंग लागेल, असे त्यातून निघते. सोयीसाठी काही आकडे पूर्णांकाच्या जवळ आणून पुढे दिले आहेत.

- वजन ५५ किलो : १२ नॉटला १०, १५ नॉटला ८, २० नॉटला ६ चौरस मीटर
- वजन ६५ किलो : १२ नॉटला १२, १५ नॉटला ९.५, २० नॉटला ७ चौरस मीटर
- वजन ७५ किलो : १२ नॉटला १४, १५ नॉटला ११, २० नॉटला ८ चौरस मीटर
- वजन ८५ किलो : १२ नॉटला १५.५, १५ नॉटला १२.५, २० नॉटला ९.५ चौरस मीटर

हे आकडे केवळ दिशा दाखवतात. फळीचा आकार, लाटा, पतंगाची जात आणि स्वाराचे कौशल्य यांनुसार त्यांत फरक पडतो. तरीही त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ७५ किलोच्या ज्या स्वाराचा जुना पतंग १२ चौरस मीटरचा होता आणि ज्याचे बहुतेक दिवस गोव्यात जातात, त्याने 'आता मला येते' म्हणून लगेच ९ चौरस मीटरकडे वळण्यात अर्थ नाही. तसा पतंग तेथील बहुतेक दुपारी त्याला पाण्यातून उचलणारच नाही. त्याने १२ च्या जागी १२ किंवा १३ घ्यावा. ९ चा पतंग रामेश्वरमची वारी नक्की झाल्यावर दुसरा म्हणून घ्यावा. दोन पतंगांत सुमारे तीन चौरस मीटरचे अंतर ठेवल्यास त्यांच्या वाऱ्याच्या मर्यादा एकमेकींना जेमतेम भिडतात आणि मधला वारा वाया जात नाही.

याउलट, वारा कमी पडतो म्हणून १५ किंवा १७ चौरस मीटरचा पतंग घेण्यापूर्वी फळीचा विचार करावा. नेहमीच्या १३५ ते १४० सेंटिमीटरच्या फळीऐवजी १५० सेंटिमीटरहून लांब व रुंद फळी वापरली, तर तोच पतंग आणखी कमी वाऱ्यात चालतो. फळी पतंगापेक्षा स्वस्त मिळते आणि जास्त काळ टिकते. फार मोठा पतंग मात्र वळायला संथ, उचलायला जड आणि पाण्यात पडल्यावर हलक्या वाऱ्यात पुन्हा उडवायला अवघड असतो.

वळवाचा धोका

पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे मोठा पतंग निवडताना विसरू नये. वारा १२ वरून १५ नॉट झाला तर ओढ सुमारे दीडपट होते. १२ वरून २४ झाला तर चौपट. वैशाखात वळवाचे ढग जमून येतात, तेव्हा पावसाच्या आधी सुटणारा वारा काही मिनिटांतच दुप्पट होऊ शकतो. दिवसभरच्या हलक्या वाऱ्यासाठी लावलेला १४ चौरस मीटरचा पतंग अशा वेळी हातात असेल, तर स्वार हवेत उचलला जाण्याची भीती असते. क्षितिजावर काळे ढग दिसताच पतंग खाली घ्यावा. वीज चमकण्याची वाट पाहू नये.

वाऱ्याचा अंदाज पाण्यावरूनही घेता येतो. समुद्रावर पांढरा फेस तुरळक दिसू लागला की वारा साधारण ७ ते १० नॉट असतो. सगळीकडे वारंवार पांढऱ्या शेंड्या दिसू लागल्या की तो ११ ते १६ च्या दरम्यान पोहोचलेला असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या अशा दिवसांची एक हंगामभर वहीत नोंद ठेवली, तर दुकानातल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

आकाराइतकीच आकृती महत्त्वाची

जुन्या 'सी' आकाराच्या पतंगांत ओढ कमी करण्याची सोय अपुरी होती. २००५ च्या सुमारास ब्रुनो लगेन्यू यांच्याच कल्पनेवर आधारलेले सपाट 'बो' पतंग बाजारात आले आणि बार पुढे सोडताच ओढ जवळजवळ नाहीशी करणे शक्य झाले. अपघात टाळण्याच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. त्यापूर्वीचा पतंग फुकट मिळाला तरी शिकणाऱ्याने तो घेऊ नये.

आज 'डेल्टा', 'हायब्रिड' आणि 'फ्रीराइड' या नावांनी विकले जाणारे, तीन आडव्या नळ्यांचे पतंग प्रगती करणाऱ्यांना सर्वाधिक सोयीचे ठरतात. ते पाण्यातून सहज उठतात, बारला लगेच प्रतिसाद देतात आणि चुका पोटात घालतात. एकच आडवी नळी असलेले किंवा नळीविरहित पतंग वजनाने हलके असल्याने मंद वाऱ्यात तग धरतात, पण जोराच्या वाऱ्यात फडफडतात. पाच नळ्यांचे पतंग वाऱ्याच्या झुळकांत स्थिर राहतात, मात्र थोडे जड असतात.

रुंदीच्या मानाने फार लांब आणि निमुळते पतंग उंच उडीसाठी असतात. त्यांची उचल मोठी, पण चूक झाल्यास शिक्षाही मोठी. जो स्वार निघाल्या जागी वाऱ्याविरुद्ध परत येऊ शकत नाही, पडलेला पतंग स्वतः उठवू शकत नाही आणि गरज पडल्यास पतंग गुंडाळून त्याच्या आधारे किनारा गाठू शकत नाही, त्याने अशा पतंगाचा मोह टाळावा.

ऑलिंपिकमधले पतंग पाहून निवड करणे तर त्याहून चुकीचे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काईटचा प्रथमच समावेश झाला आणि मार्सेच्या समुद्रात ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस व ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्णपदके मिळवली. सिंगापूरचा मॅक्स मेडर तेथे वयाच्या सतराव्या वर्षी कांस्यपदकाचा मानकरी ठरला. मात्र या शर्यतीतले पतंग पॅराग्लायडरसारखे, वाऱ्याने आपोआप भरणाऱ्या कप्प्यांचे असतात आणि फळीखाली पाण्यातून वर उचलणारे हायड्रोफॉइल असते. हलक्या वाऱ्यात ते विलक्षण वेग घेतात. परंतु पाण्यात पडून कप्प्यांत पाणी शिरले किंवा दोऱ्यांचा गुंता झाला, तर नवख्याला ते सावरणे कठीण जाते.

बार आणि दोऱ्या

पतंग बदलला म्हणून जुना बार त्याला जुळेलच असे नाही. पुढच्या दोन दोऱ्या कोठे एकत्र येतात, दोऱ्यांची लांबी किती, जोडणीला कोठे गाठ आणि कोठे फास आहे, या बाबी कंपनीगणिक बदलतात. शक्य असल्यास पतंग आणि बार एकाच कंपनीचे घ्यावेत. लहान पतंगाला आखूड आणि मोठ्या पतंगाला रुंद बार लागतो, हेही पाहावे.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे आपत्कालीन सुटका. छातीजवळचे यंत्र ढकलताच पतंगाची सारी ओढ एका दोरीवर जाऊन तो निपचित पडला पाहिजे. या यंत्रणेसाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक जाहीर झाले. नवा बार घेताना त्याचा उल्लेख आहे का, हे जरूर पाहावे. जुन्या बारची सुटका ओढ असताना, एका हाताने, डोळे मिटूनही करता येते का, याची किनाऱ्यावर चाचणी घ्यावी. वाळू अडकून यंत्र घट्ट झाले असेल, तर गोड्या पाण्याने धुऊनही ते सैल होते की नाही, ते पाहावे. न झाल्यास बदलावे. ताणलेली दोरी मांजासारखी कापते. ती बोटांभोवती कधीही गुंडाळू नये आणि खरवडलेली दोरी वापरात ठेवू नये.

जुना घेताना

हंगामाच्या अखेरीस वापरलेले पतंग विक्रीला निघतात. चांगला जुना पतंग हा प्रगती करणाऱ्यासाठी शहाणपणाचा सौदा ठरू शकतो, पण केवळ छायाचित्र पाहून पैसे देऊ नयेत. पतंगावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरून तो काही तास, जमल्यास रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी कड मऊ लागली, तर गळती आहे. किती ठिकाणी ठिगळे आहेत, पुढच्या कडेजवळची शिवण सरळ आहे का, ब्रायडलच्या दोऱ्या आणि त्यांतील लहान कप्प्या झिजल्या आहेत का, हे पाहावे. चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून ओढून धराव्यात. बार तिरका राहिला, तर दोऱ्या असमान ताणल्या गेल्या आहेत. पतंग कोणत्या वर्षीचा, यापेक्षा तो किती दिवस उन्हात पडून होता, हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावा.

आपल्या हवेचाही विचार करावा. दमट हवेत बंद बॅगेत ठेवलेल्या पतंगाचे ब्लॅडर आतून चिकटतात आणि उन्हात तापलेल्या मोटारीच्या डिकीत व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. पतंग गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मगच गुंडाळावा.

घाटावर चाचणी नको

नवा पतंग हाती आला की तो लगेच उडवून पाहण्याची घाई होते. वाटेत घाटमाथा किंवा मोकळे पठार दिसले, तेथे चांगला वारा आहे, मग समुद्र गाठेपर्यंत कशाला थांबायचे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कशेडीसारख्या डोंगराळ भागातील वारा समुद्रावरच्या वाऱ्यासारखा सपाट वाहत नाही. उतारावरून चढताना तो वेग घेतो, कड्यामागे भोवऱ्यासारखा फिरतो आणि क्षणात दिशा बदलतो. त्यात वीजवाहिन्या, झाडे, खडक आणि वर्दळीचा महामार्ग. पाण्यावर ज्या झटक्यात माणूस फक्त भिजतो, त्याच झटक्यात येथे त्याची हाडे मोडतात. घाटात फार तर पतंग पसरून कापड व शिवण तपासावी. हवा भरून दोऱ्या जोडण्याचे काम मोकळ्या, रिकाम्या किनाऱ्यावरच करावे.

किनाऱ्यावरही काही बंधने आहेत. मोरजी येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि त्यांचा हंगाम काईटबोर्डिंगच्या हंगामातच येतो. वनखात्याने राखून ठेवलेल्या भागात पतंग पसरू नये. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खवळलेल्या समुद्रात उतरू नये. पोहणारे, मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी यांपासून दोऱ्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट अंतर राखावे.

पैसे देण्यापूर्वी

- गेल्या हंगामातील आपल्या दिवसांचा वारा साधारण किती नॉट होता?
- आपल्या वजनाला त्या वाऱ्यात किती चौरस मीटर लागतात?
- मोठ्या पतंगाऐवजी मोठी फळी घेऊन काम भागेल का?
- आपला बार या पतंगाला जुळतो का आणि त्याची सुटका एका हाताने होते का?
- दुरुस्ती जवळपास कोठे होते आणि सुटे ब्लॅडर मिळतात का?
- शक्य असल्यास हाच पतंग आपल्या किनाऱ्यावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एक दुपार वापरून पाहिला आहे का?

यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तयार नसतील, तर खरेदी पुढे ढकलावी आणि पुढचे काही दिवस भाड्याच्या पतंगावर काढावेत. आपल्या वाऱ्याला जुळणारा साधा पतंग ज्याच्याकडे असतो, तो हंगामात अधिक दिवस पाण्यावर राहतो, आणि या खेळात प्रगती शेवटी पाण्यावर घालवलेल्या दिवसांनीच होते.